तिसरा रकाना

“माझा टोंगळा फुटला,” मी मातीत बसून रडत म्हणाले, आणि अख्खा नववीचा वर्ग माझ्याभोवती वाकून मैदानात काय फुटलं ते शोधायला लागला.

खो-खोचा तास होता. खांबाला वळसा घालताना माझा पाय घसरला होता आणि गुडघ्यातून रक्त येत होतं. पण गुडघ्याकडे कुणाचं लक्षच नव्हतं. कुणी खांबामागे पाहत होतं, मंदार तेलीने तर माझं दप्तर उघडून डबा कानाशी धरून हलवून पाहिला. शेवटी दीक्षा घाडी माझ्यासमोर उकिडवी बसली. दीक्षा वर्गाची मॉनिटर, खो-खोची कप्तान आणि गावातल्या कुठल्याही भांडणातली पंच.

“काय फुटला गो तुझा?” तिने विचारलं.

“टोंगळा,” मी म्हणाले आणि गुडघ्याकडे बोट दाखवलं.

दीक्षाने आधी गुडघ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग वर्गाकडे. “अरे, ढोपर,” ती म्हणाली. त्यानंतर जो हशा झाला तो शाळेच्या कौलांवरून पलीकडे बाजारात ऐकू गेला असणार. हसता हसताच तिने आपल्या बाटलीतलं पाणी माझ्या गुडघ्यावर ओतलं, स्वतःचा रुमाल सोडून बांधला आणि मला हाताला धरून वर्गात नेलं. वाईट मनाची ती कधीच नव्हती. पण त्या दिवसापासून माझं नाव टोंगळा पडलं. आज इतक्या वर्षांनंतरही त्या वर्गातली निम्मी मंडळी फोनवर मला त्याच नावाने हाक मारतात आणि मी आनंदाने ओ देते. त्या वेळी मात्र ते नाव ऐकलं की मी मान खाली घालून दुसरीकडे वळायची.

माझे बाबा गुरांचे डॉक्टर. त्यांची बदली अमरावती जिल्ह्यातल्या दर्यापूरहून थेट सिंधुदुर्गात, आंबेखोल नावाच्या गावी झाली होती. कापसाच्या काळ्या मातीतून उठून आम्ही तांबड्या मातीत येऊन पडलो. आई-बाबा, मी आणि आमची वऱ्हाडी बोली, असा सगळा संसार ट्रकातून उतरला. बाबांचं ठीक होतं, त्यांचे पेशंट बोलत नसत. मला मात्र दिवसभर चाळीसेक मुलामुलींच्या मालवणीत बसावं लागे, आणि त्यातलं मला काही म्हणता काही समजत नसे.

एकदा सगळ्यांनी रविवारी डोंगरावर पानं गोळा करायला जायचं ठरवलं. “येरवाळी जमायचा,” असं दीक्षाने जाताजाता मलाही सांगितलं. मी खूश झाले. घरी जाऊन बाबांना विचारलं, येरवाळी कुठे आहे? बाबांनाही ठाऊक नव्हतं. बहुतेक पलीकडची वाडी असेल, ते म्हणाले. रविवारी डबा घेऊन मी गावभर येरवाळीचा रस्ता विचारत फिरले. लोक माझ्याकडे बघून हसत आणि म्हणत, आता खंयची येरवाळी. उन्हं वर आल्यावर मी घरी परत आले आणि डबा आईच्या हातात देऊन पांघरूण घेऊन निजले. येरवाळी म्हणजे सकाळी लवकर आणि खंय म्हणजे कुठे, हे मला पुढे कितीतरी दिवसांनी कळलं.

मग मी बोलणं कमी केलं. सरांनी प्रश्न विचारला तर पुस्तकातलं वाक्य जसंच्या तसं म्हणून खाली बसायची. मधल्या सुट्टीत एकटीच डबा खायची. घरीसुद्धा हूं आणि नाही याच्या पलीकडे जाईना, तेव्हा आई घाबरली. तिने दर्यापूरला तिच्या भावाला, दिगूमामाला फोन लावला. मामा म्हणाला, पोरीले इकडं धाडून द्या, माझ्या घरून शाळा करल. ठरलं, की दिवाळीच्या सुट्टीत मामा येईल आणि मला घेऊन जाईल. मी कॅलेंडरवर दिवाळी शोधली. ती खूप लांब होती, पण होती.

श्रावणात शाळेत विकी आलं.

आमच्या शाळेत संगणकाची खोली होती. मुंबईच्या कुण्या माजी विद्यार्थ्याने दिलेली जुनी यंत्रं तिथे एकमेकांना वायरींनी जोडून ठेवली होती. इंटरनेट नावाला होतं, ते ढग आले की जाई, आणि कोकणात ढग कधी नसतात? संगणक शिकवणाऱ्या नार्वेकर मॅडम नुकत्याच नोकरीला लागल्या होत्या. त्यांनी त्या यंत्रांपैकी एकात काहीतरी खटपट करून शाळेचं स्वतःचं विकी सुरू केलं. त्याला बाहेरच्या जगाशी काही देणंघेणं नव्हतं. ते फक्त त्या खोलीत आणि शिक्षकांच्या खोलीतल्या एका यंत्रावर दिसायचं.

मॅडमनी ते आम्हाला सोप्यात समजावलं. हा एक फळा आहे असं समजा, त्या म्हणाल्या, ज्यावर कुणीही लिहावं आणि दुसऱ्याने लिहिलेलं कुणीही दुरुस्त करावं. कुठलंही पान कुणा एकाचं नाही. पटलं नाही तर पुसायच्या आधी शेजारच्या चर्चेच्या पानावर जाऊन कारण लिहायचं. प्रत्येकाला आपापला हजेरी क्रमांक घालून आत शिरता येत होतं.

पहिले काही दिवस नुसती धमाल झाली. गावाच्या पानावर आंबेखोलची लोकसंख्या एका दिवसात तीनदा वाढली. माशांच्या पानावर खाडीकडची आणि डोंगराकडची मुलं बांगड्याच्या तिखल्यात तिरफळं किती घालायची यावरून भिडली, आणि ती चर्चा वाढत जाऊन त्यात आया-आज्यांची नावं यायला लागली. मग दीक्षाने दोन्ही पद्धती एकाखाली एक लिहून टाकल्या आणि प्रश्न मिटवला. मीसुद्धा लिहायला लागले. विकीवर बोलावं लागत नव्हतं. मी बाबांना विचारून गुरांच्या लसींबद्दल एक पान लिहिलं. कुणीतरी खाली चर्चेत लिहिलं, पान छान आहे, आमच्या पाडीला पण टोचलं. ते वाक्य मी दिवसभर मनात घोळवलं.

मराठी शिकवायला बांदेकर सर होते. पांढरा शर्ट, पांढरी पँट, आणि बोलणं असं की प्रत्येक शब्द धुऊन इस्त्री करून बाहेर यावा. आम्ही त्यांना जरा भिऊनच असायचो, पण त्यांच्या तासाला कुणी जांभई देत नसे. विकी त्यांना सुरुवातीला फारच आवडलं. लाल पेन न झिजवता ऱ्हस्व-दीर्घ दुरुस्त करता येतात म्हणून मोकळ्या तासाला ते शिक्षकांच्या खोलीत बसून आमची पानं धुऊन काढत.

गणपती आले, सुट्टी संपली. शाळा सुरू झाली तरी वर्ग निम्मा रिकामाच होता, कारण पुष्कळांच्या घरी गणपती अजून बसलेले होते आणि पोरं आरत्या-भजनात रात्री जागवत होती. अशा एका दिवशी संगणकाच्या तासाला मी आणि आणखी दोघंतिघंच होतो. मॅडम म्हणाल्या, नवीन काही शिकवत नाही, पण एक गंमत दाखवते. त्यांनी पानाच्या डोक्यावरचं ‘इतिहास’ हे बटण दाबलं. त्या पानाची आजवरची सगळी रूपं ओळीने समोर आली, कुणी कधी काय बदललं त्यासकट. जुनं रूप उघडायचं, जतन करायचं, की ते पुन्हा वर येतं. विकीवर पुसलेलं काहीच खरं जात नाही, मॅडम म्हणाल्या. बाकीची मुलं जांभया देत होती. मी लक्ष देऊन पाहत होते.

त्या सुमारास दीक्षाने आणि मंदारने एक पान सुरू केलं होतं. त्याचं नाव ‘आमचे शब्द’. दोन रकाने, एकात पुस्तकातला शब्द, शेजारी मालवणी. विहीर म्हणजे बाव, अंगण म्हणजे खळां, मुलगी म्हणजे चेडू, थोडंसं म्हणजे वायंच. पान बघता बघता लांबलचक झालं. घरच्या म्हाताऱ्या माणसांना विचारून मुलं शब्द आणत आणि आधीच कुणी टाकला असेल तर हिरमुसत.

मग बांदेकर सरांच्या नजरेला ते पान पडलं. दुसऱ्या दिवशी पाहतो तर ते कोरं. वर एकच ओळ: शाळेच्या विकीवर प्रमाण भाषाच वापरावी. खाली सरांचं नाव.

दीक्षाचं तोंड एवढंसं झालं. सरांशी वाद घालायची आमच्यात रीत नव्हती. तिने मंदारला सांगितलं, जाऊ दे, आणि दोघं पुन्हा माशांच्या पानाकडे वळली.

मधल्या सुट्टीत खोलीत कुणी नव्हतं. मी आत गेले, पान उघडलं, इतिहास दाबला आणि आदल्या दिवशीचं रूप जतन केलं. सगळे शब्द जागच्या जागी आले. मी बाहेर येऊन हात धुतले, जसं काही झालंच नाही.

दुपारी सरांनी पुन्हा पुसलं. दुसऱ्या दिवशी मी पुन्हा आणलं. असं काही दिवस चाललं. वर्गात कुजबुज सुरू झाली. कुणी म्हणे मॅडमच करतात, कुणी म्हणे मशीन बिघडलंय. मंदारने शपथेवर सांगितलं की संगणकात देवचार शिरलाय. गावचा राखणदार तो, गावचे शब्द तो पुसू देईलच कसा? यावर मुलं इतकी खूश झाली की एकाने यंत्रासमोर जास्वंदीचं फूल ठेवलं.

सरांना मात्र यात गंमत दिसत नव्हती. दिवाळीच्या आधी तालुक्याहून शिक्षण विस्तार अधिकारी शाळा पाहायला यायचे होते आणि विकी हे आमच्या शाळेचं सगळ्यात मोठं कौतुक होतं. सर वर्गात आले आणि शांतपणे म्हणाले, जो कोणी हे करतो आहे त्याने उभं राहावं. कुणी उठलं नाही. मला उठायचं होतं, पण उठलं की बोलावं लागणार होतं. सरांची नजर फिरत फिरत मंदारवर थांबली. देवचाराची कथा त्यांच्याही कानावर गेली होती. त्यांनी मंदारला संगणकाची खोली बंद केली आणि जाताना म्हणाले, हे थांबलं नाही तर पाहुणे येण्याआधी मी हेडमास्तरांना सांगून विकीच बंद करवीन.

मंदारचं तोंड पाहवेना. रडत नव्हता तो, पण बाकाच्या फळीवर नखाने ओरखडत बसला होता.

त्याच सुट्टीत मी ‘आमचे शब्द’च्या चर्चेच्या पानावर लिहिलं. काय लिहिलं ते मला अजून पाठ आहे. “सर, पान मंदार नाही, मी परत आणते. मी या गावात आले तेव्हा मला कुणाचं बोलणं समजत नव्हतं. हे पान वाचून समजायला लागलं. रोज पाच शब्द पाठ करते. पान गेलं तर बाकीचे शब्द मला कोण सांगणार? — प्रणिता गावंडे, नववी.”

शाळा सुटायच्या आधी शिपाईकाका वर्गाच्या दारात आले आणि माझं नाव घेतलं. संगणकाच्या खोलीत बांदेकर सर एका यंत्रासमोर बसले होते. नार्वेकर मॅडम खिडकीशी वह्या तपासत असल्यासारखं करत होत्या.

“इतिहास मी आज पाहिला,” सर म्हणाले. “मॅडमनी दाखवला. सगळीकडे तुझाच क्रमांक. तू तर इथली नाहीस. हे शब्द तुझे नाहीत. तुला काय पडलंय त्यांचं?”

“लिहिलंय, सर.”

“वाचलं. आता बोलून सांग.”

मी आधी जमिनीकडे पाहिलं. मग सांगायला लागले. येरवाळी शोधत कशी गावभर फिरले ते सांगितलं. मुली आपसांत काय बोलतात ते कळायचं नाही आणि वाटायचं माझ्यावरच हसतात. ते पान वाचल्यापासून कळायला लागलं की त्या बहुतेक वेळा डब्यातल्या भाजीबद्दल बोलत असतात. “कोनाले विचारू सर, विचारलं तर माह्या बोलण्यावर—” म्हटलं आणि थबकले. जे महिनोन्महिने दाबून ठेवलं होतं ते सरांसमोर, मराठीच्या सरांसमोर, तोंडातून निसटलं होतं.

सर हसले नाहीत. “थांबू नकोस,” म्हणाले.

“झालं, सर. एवढंच.”

मग ते पडद्याकडे पाहतच बोलायला लागले. त्यांच्या आवाजातली इस्त्री जरा मोडल्यासारखी वाटली.

“मी कॉलेजला मुंबईला गेलो. वसतिगृहात पहिल्याच दिवशी ट्रंक माळ्यावर ठेवायची होती. मी तिथल्या पोरांना विचारलं, निसण खंय हा? निसण म्हणजे शिडी. आमची आई शिडीला निसणच म्हणायची. त्या दिवसापासून कॉलेज संपेपर्यंत मला सगळे निसण म्हणायचे. मी मग माझं बोलणं घासूनपुसून घेतलं. इतकं, की सुट्टीत घरी गेलो तर आई म्हणाली, तू पावण्यासारखो बोलतंस.” ते थांबले. “तुमच्यापैकी कुणावर ती पाळी येऊ नये म्हणून मी पुसत होतो. मला वाटलं, शाळेतच पुसलेलं बरं.”

काहीतरी बोलायला हवं होतं, कारण सरांना असं बसलेलं मी कधी पाहिलं नव्हतं.

“सर, मला टोंगळा म्हणतात,” मी म्हणाले.

“म्हणजे काय?”

“गुडघा.”

सरांनी ओठ घट्ट मिटले. खिडकीशी मॅडमच्या खांद्यांना कंप सुटला होता. मग सरांना हसू आवरेना, त्यांनी रुमाल काढून तोंडावर धरला, आणि मीही हसायला लागले. त्या शाळेत मी हसले ते पहिल्यांदाच.

सरांनी पानाबद्दल हो म्हटलं नाही की नाही म्हटलं नाही. “मंदारला सांग, उद्यापासून खोलीत यायचं,” एवढंच म्हणाले आणि मला जायला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी संगणकाच्या तासाला मी जागेवर जाऊन बसते तोच दीक्षा शेजारच्या खुर्चीवरच्या मुलीला उठवून माझ्याजवळ येऊन बसली. वर्गाने चर्चेचं पान वाचलेलं होतं, ते त्यांच्या वागण्यावरून दिसत होतं. कुणी माझ्याकडे सरळ पाहत नव्हतं आणि पाहिल्याशिवाय राहतही नव्हतं.

“सांगूक काय झाला होता तुका?” दीक्षा दबक्या आवाजात म्हणाली. “येरवाळी कळला नाय तर विचारूचा. आम्ही त्या दिवशी तुझी वाट बघून बघून गेलो. आमका वाटला, डॉक्टरांचा चेडू आमच्यात येवचा नाय.”

इतके दिवस मला वाटत होतं की त्यांना मी नको होते.

मग तिने माझ्या पडद्याकडे बोट केलं. ‘आमचे शब्द’ उघडलेलं होतं आणि पान जसंच्या तसं होतं. सरांनी पुसलं नव्हतं. पण दोन रकान्यांच्या शेजारी आता तिसरा रकाना होता. त्याच्या डोक्यावर लिहिलं होतं ‘प्रणिताच्या गावाकडे’, आणि खाली वरपासून तळापर्यंत तो रिकामा होता.

“भर,” दीक्षा म्हणाली.

मी भरायला बसले. का: कित्याक: काहून. थोडंसं: वायंच: उलीसं. मुलगी: चेडू: पोट्टी. पोट्टी वाचून मागच्या रांगेतून कुणीतरी फिसकन हसलं, आणि दीक्षाने वळून नुसतं पाहिल्यावर गप्प झालं. मग मंदार खुर्ची ओढून आला आणि विचारायला लागला, शेताला काय म्हणता? वावर. कोथिंबिरीला? सांबार. “सांबार इडलीबरोबर खातत,” तो म्हणाला. मी म्हणाले, आमच्याकडे सांबार वड्यात भरून खातात. यावर बराच वेळ वाद झाला. तास कधी संपला ते कळलं नाही.

संध्याकाळी मी आईला फोन द्यायला सांगितला आणि दर्यापूरच्या आजीला विचारून विचारून आणखी शब्द काढले. आजीला वाटलं, पोरीची परीक्षा आहे.

दोन-तीन दिवसांनी पान उघडलं तेव्हा मालवणी रकान्यात सगळ्यात खाली एक नवा शब्द होता. शिडी: निसण. तो दीक्षाला माहीत नव्हता, मंदारलाही नव्हता, आता गावात सगळे शिडीच म्हणतात. कुणी टाकला म्हणून तिने इतिहास उघडला, नाव वाचलं आणि पडदा माझ्याकडे वळवला.

विस्तार अधिकारी आले ते एका उकाड्याच्या दुपारी. उंच, सावकाश बोलणारे गृहस्थ, खानदेशातले. हेडमास्तरांनी त्यांना खुर्ची दिली, मॅडमनी विकी उघडलं. त्यांनी गावाचं पान पाहिलं, माशांचं पाहिलं, गुरांच्या लसींच्या पानाशी थोडं थांबले. मग मॅडमच्या हातातून माऊस घेऊन स्वतःच ‘आमचे शब्द’ उघडलं. पान पडद्यावर आलं, आणि वीज गेली.

बॅटरी थोडा वेळ टिटिट करून गप्प झाली. खोलीत अंधार नव्हता, पण सगळे पडदे काळे. हेडमास्तर घाम पुसायला लागले. नार्वेकर मॅडमनी डोळे मिटून घेतले होते.

“ते तीन रकाने कसले होते?” साहेबांनी विचारलं.

मग बांदेकर सर पुढे झाले. “साहेब, पान मुलांना पाठ आहे,” ते म्हणाले. “मी प्रमाण शब्द सांगतो. दीक्षा मालवणी सांगेल. आणि,” ते माझ्याकडे वळले, “गावंडे वऱ्हाडी सांगेल.”

आईशप्पथ, मला वाटलं पळून जावं. पण सरांनी वाट पाहिली नाही. “गुडघा,” ते मोठ्याने म्हणाले.

“ढोपर,” दीक्षा म्हणाली आणि कोपराने मला ढोसलं.

“टोंगळा,” मी म्हणाले.

साहेब हसले, पण वर्गातलं कुणी हसलं नाही. सर पुढचा शब्द सांगत गेले. पाच-सहा शब्दांनंतर मला कळलं की आम्ही तिघं एका लयीत बोलतोय, आणि मागून वर्गही आमच्याबरोबर म्हणायला लागलाय, मालवणी तर म्हणतच होता, वऱ्हाडीसुद्धा. माझे शब्द त्यांच्या तोंडात जरा वाकडे होत होते, पण माझेच होते. “मुलगा,” सर म्हणाले. “झील,” दीक्षा म्हणाली. “पोट्टं,” मी म्हणाले.

“आंडोर,” साहेब खुर्चीतून म्हणाले.

सगळे त्यांच्याकडे पाहायला लागले. ते जरा लाजले. “आमच्याकडे आंडोर म्हणतात,” ते म्हणाले. “बऱ्याच वर्षांत कुणाशी बोललो नव्हतो तो शब्द.” आणि थोडं थांबून त्यांनी नार्वेकर मॅडमना विचारलं, चौथा रकाना काढता येतो का?

वीज संध्याकाळपर्यंत आली नाही. साहेब तोवर बसून राहिले आणि मुलांना अहिराणी शब्द सांगत राहिले. मंदारने ते सगळे वहीत उतरवून घेतले आणि दुसऱ्या दिवशी विकीवर चढवले.

दिवाळीच्या सुट्टीत दिगूमामा आला. दोन दिवसांचा प्रवास करून, माझ्या कपड्यांसाठी एक मोठी रिकामी बॅग घेऊन. मामाला पाहून मला रडूच आलं, इतका तो घरासारखा होता. त्याने दर्यापूरच्या शाळेत माझ्याविषयी बोलून ठेवलं होतं, मामीने माझ्यासाठी खोली आवरली होती. आई चहा गाळत होती. बाबा पेपर वाचत असल्यासारखं करत होते. जायचंय का, हे इतके दिवस त्यांनी मला एकदाही विचारलं नव्हतं, आणि मीही आपणहून काही बोलले नव्हते.

“चाल बाई,” मामा चहा पिऊन म्हणाला, “सामान भरून घे. उद्याच्या गाडीनं निघा लागते.”

तेवढ्यात फाटकाशी दीक्षा आणि मंदार आले. खाडीवर जायचं होतं, माशांच्या पानासाठी नावं विचारायला. दीक्षाने बॅग पाहिली आणि ती फाटकातच थांबली. तिने आत पाऊल टाकलं नाही.

मी बॅगेकडे पाहिलं, मामाकडे पाहिलं. काय बोलायचं ते मी ठरवलं नव्हतं. ते आपोआप बाहेर आलं.

“मामा, माका खंय जावचा नाय.”

मामाने काळजीने आईकडे पाहिलं. “काय म्हणून राहिली वं ही?”

आई हसत होती. कितीतरी महिन्यांनी ती अशी हसत होती. “तिले कुठीच जायाचं नाही म्हणते,” ती म्हणाली.

“अन तुले कसं समजलं?”

आईने चहाचा कप उचलला आणि आत जाता जाता म्हणाली, “ही एकटीच शिकून राहिली काय? मी बी याच गावात राहते.”